'व्हेज आहे ना?' एवढं विचारून भागत नाही

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्या मामंजींना पंचाहत्तर पूर्ण होतात. बंगळूरला नोकरी करणारा मुलगा म्हणतोय, दर वेळी थाळी नि बासुंदी नको, टिळकवाडीत नवं एशियन रेस्टॉरंट निघालंय, तिथं सुशी खायला जाऊ. आम्ही सातजण आहोत. मामंजींना कवळी आहे. सासूबाई माळकरी, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. मिस्टरांना बीपी आणि शुगर. सूनबाईला पाचवा महिना. नऊ वर्षांच्या पुतण्याला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात, एकदा ओठही सुजले होते. मुलानं मोबाईलवर मेन्यू दाखवला, तर निम्मी नावं कळेनात. कच्चा मासा म्हटल्यावर तर पोटात गोळाच येतो. जावं का? गेलो तर कुणी काय खावं? चारचौघांत हसं होऊ नये, एवढंच.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, जरूर जा. तुमच्या सातही जणांना पोटभर आणि निर्धास्त जेवता येईल असं तिथं भरपूर असतं. मात्र निघण्याच्या दोन दिवस आधी एक फोन करा आणि त्यात नेमक्या वस्तूंची नावं घेऊन विचारा. 'व्हेज आहे ना?', 'ताजं आहे ना?' या प्रश्नांना कुठल्याही हॉटेलात 'हो' असंच उत्तर मिळतं. 'यात ऑयस्टर सॉस आहे का?' असं विचारलं की समोरच्याला आत जाऊन बघून यावं लागतं. आपल्याला तेच हवं आहे.

आधी पोटातला गोळा काढू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात आणि त्याच्याबरोबर काहीतरी. ते काहीतरी काकडी असेल, शिजवलेलं चिकन असेल किंवा मासाही असेल. भात न घेता नुसते कच्च्या माशाचे काप वाढतात, त्याला साशिमी म्हणतात. भाताच्या लांबट मुठीवर माशाचा काप ठेवला की निगिरी. काळपट हिरव्या समुद्री शेवाळाच्या कागदात, म्हणजे नोरीत, भात गुंडाळून कापला की माकी, ज्याला मेन्यूत रोल म्हणतात. त्यातला बारीक, एकाच सारणाचा रोल म्हणजे होसोमाकी. भात बाहेर आणि नोरी आत असेल तर उरामाकी. एवढ्या पाच नावांवर मेन्यूचं सुशीचं पान उलगडतं. बारीक रोलचे साधारण सहा आणि मोठ्याचे आठ तुकडे येतात.

भाताबद्दलही धास्ती नको. हा आखूड दाण्याचा, चिकटसर तांदूळ असतो. आपल्याकडच्या बासमतीसारखा मोकळा होत नाही, इंद्रायणीच्या मऊ भाताच्या जवळ जातो. तो चांगला जमलाय की नाही हे तुम्ही हातानंच ओळखाल. तुकडा उचलताना सुटू नये, पण तोंडात गेल्यावर दाणा दाणा वेगळा व्हावा. पेढ्यासारखा लगदा लागला तर भात जास्त शिजलाय किंवा जास्त दाबलाय. आणि हा भात अंगाइतका कोमट असायला हवा. थंडगार आणि आतून टणक लागला, तर तो आधी करून फ्रीजमध्ये ठेवलेला आहे असं समजा, कारण शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा कडक होतो. अशी प्लेट परत करायला संकोचू नका.

आता माशाचं. इथं आपल्या बाजारातल्या कसोट्या कामाला येत नाहीत. गोव्याहून, कारवारहून आलेला बांगडा घेताना आपण कल्ले लाल आहेत का, डोळे उठावदार आहेत का ते बघतो, आणि शिजवून खायच्या माशाला ते बरोबरच आहे. कच्च्या माशाला 'ताजा' ही खात्री पुरत नाही. समुद्रातून आजच काढलेल्या माशातही कृमी असू शकतात, त्या मरतात शिजवून किंवा कडक गोठवून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं घालून दिलेलं प्रमाण असं आहे : उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं, म्हणून हे काम घरी होत नाही. आणि गोठवण्यानं कृमी मरतात, जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. मासा वितळल्यावर ५ अंशांच्या वर रेंगाळला की पुन्हा वाढू लागतात.

तेव्हा फोनवर विचारा, 'सॅमन गोठवलेला येतो का, कुठून येतो, आणि लाईट गेली तर फ्रीजरला जनरेटर आहे का?' 'हो, फ्रोझन येतो, लागेल तेवढाच आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढतो' हे चांगलं उत्तर. 'एकदम ताजा, आज सकाळीच गोव्याहून आलाय' हे उत्तर ऐकून कच्चं मागवू नका. सॅमन हा आपल्या किनाऱ्याचा मासाच नाही. इथं रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो वेगळा मासा आहे आणि शिजवूनच खायचा. परदेशातला मत्स्यशेतीत पाळलेला सॅमन तयार खाद्यावर वाढलेला असतो, म्हणून त्यात कृमींचा धोका कमी. 'सुशी ग्रेड' हा शब्द छापलेला दिसला तरी त्यावर भिस्त ठेवू नका, त्यामागे कायद्यानं ठरलेली एकच एक व्याख्या नाही.

बांगडा, ट्यूना या जातीच्या माशांत आणखी एक गोष्ट होते. ते उन्हात, उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते नंतर शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. लोकांना ती ॲलर्जी वाटते, पण तो साठवणुकीचा दोष असतो. ट्यूना जिभेला मिरीसारखा चुरचुरला तर घास तिथंच थांबवा.

तुमच्या घरात कच्चं खाण्याजोगी मंडळी दोनच : तुम्ही आणि मुलगा. पहिल्या खेपेला मुलानं दोन निगिरी मागवून चव दाखवली तर पुष्कळ झालं. फोनवरचं उत्तर पटलं नाही तर तेही राहू दे. शिजवलेल्या रोलमध्येच अख्खं जेवण छान होतं.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र सगळ्यात जास्त लक्ष घाला, कारण या स्वयंपाकात मासा दिसत नाही तिथं असतो. जपानी रस्सा ज्या पाण्यावर उभा असतो त्याला दाशी म्हणतात. ते बहुतेक वेळा समुद्री शेवाळ आणि बोनिटो नावाच्या माशाच्या वाळवलेल्या, धुरावलेल्या किसाचं पाणी असतं. मिसो सूपमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये, टोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) पांढरे चौकोन आणि पातीचा कांदा तरंगताना दिसतो, डोळ्यांना तो शुद्ध शाकाहारी, पण खाली दाशी. आंबटसर पोन्झू सॉसमध्येही पुष्कळदा हाच कीस. टोफूच्या तळलेल्या पिशवीत भात भरतात ती इनारी, तीही मुळात दाशीत उकळलेली. गरम पदार्थावर तपकिरी, पातळ पापुद्रे हलताना दिसले तर तो माशाचा कीस वाफेवर थरथरतोय, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा वाटला तरी.

थाई पानावर आलात की फिश सॉस आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट. ग्रीन करी 'व्हेज' म्हणून भाज्या घालून येते, पण वाटण तयार डब्यातलं असेल तर त्यात बहुधा कोळंबी असते. कोरियन किमचीत कोबी असतो हे खरं, पण ती आंबवताना फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी घालायची पद्धत आहे. चिनी परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. टेम्पुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात अंडं, मेयोनीजमध्ये अंडं, काही नूडल्समध्ये अंडं. तेरियाकी या गोडसर सॉसमध्ये मिरिन नावाची तांदळाची गोड दारू असते, माळकऱ्यांना तीही वर्ज्य. जेवणाच्या शेवटी येणाऱ्या थरथरत्या पुडिंगमध्ये जिलेटिन, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. अगर-अगर घातलं असेल तर ते समुद्री शेवाळाचं, चालतं.

मेन्यूवरचा हिरवा ठिपका मोलाचा आहे. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत अंडंसुद्धा मांसाहारात धरलंय, दूध आणि मध तेवढं शाकाहारात चालतं. पण मेन्यू छापणारा एक आणि कढईपाशी उभा असलेला दुसरा, त्यातून डब्यातला सॉस कंपनी बदलली की बदलतो. म्हणून ठिपक्यावर न थांबता विचारा. अशा स्वयंपाकघरांत पुष्कळदा नेपाळ, दार्जिलिंग, ईशान्य भारताकडची मुलं असतात, त्यांच्याशी हिंदी चालतं. वाढणारा इकडचाच असेल तर सरळ आपल्या भागातल्या कन्नडमध्ये विचारा, 'इद्राग मीन ऐतेन्री? तत्ती ऐतेन्री?' भाषा जुळली की माणूस टाळाटाळ करत नाही, आत जाऊन बाटलीवरचं वाचून येतो. 'सॉसच्या बाटलीचा फोटो काढून दाखवता का?' असंही म्हणा. सासूबाईंच्या माळेचा प्रश्न आहे, यात भिडस्तपणा नको.

मग त्यांनी खायचं काय? एदामामे मागवा, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, वर मीठ. आपण भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खातो तसंच, शेंग ओठांत धरून दाणे ओढायचे, टरफल टाकायचं. काकडीची होसोमाकी, काकडी-ॲव्होकाडोचा रोल, पनीरचा किंवा भाज्यांचा रोल, सगळ्यांत 'मेयो अंड्याविना का?' हे विचारून. अंड्याविना मेयोनीज आपल्याकडे सर्रास मिळतं, त्यामुळे ते जुळतं. पनीर टिक्का घातलेल्या सुशीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. आमचं मत तसं नाही. आंबट-गोड भात आणि भाजलेलं पनीर यांचं चांगलं जमतं, आणि सासूबाईंना पहिल्या घासाला ओळखीची चव लागते. फक्त वरून ओततात तो शेजवान मेयो वाटीत वेगळा मागा, नाहीतर भाताची चव त्याखाली हरवते. टेम्पुरा त्यांच्यासाठी टाळलेला बरा, कारण भाजी आणि कोळंबी एकाच तेलात तळली जाण्याची शक्यता मोठी. रोल कापायची सुरी आणि पाट वेगळा घ्यायला सांगा, हातमोजेही बदलायला सांगा, आणि त्यांचे रोल सगळ्यांच्या आधी करायला लावा.

तारीख ठरवताना कॅलेंडर उघडा. एकादशी आली तर सासूबाईंना भातच चालणार नाही, आणि तिथं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत भात.

पुतण्याचं प्रकरण वेगळं आहे. सासूबाईंना चूक झाली तर मनस्ताप होईल, पुतण्याला जिवाचा धोका. ओठ सुजले होते म्हणजे ही साधी ॲलर्जी नाही. त्याला कोळंबी देऊ नका एवढ्यानं भागत नाही, त्या दिवशी टेबलावर कुणीच कोळंबी मागवू नका. प्लेटी फिरतात, चमचे मिसळतात. त्याच्यासाठी तळलेलं काहीही नको, कारण कढईतलं तेल सामायिक. सुरुवातीला फुकट वाटीत ठेवतात ते पांढरे, फुगलेले, आपल्या साबुदाण्याच्या पापडासारखे दिसणारे कुरकुरीत तुकडे कोळंबीचे असू शकतात, आणि पोरं पहिला हात तिथंच घालतात. 'क्रॅब स्टिक' ही लाल-पांढरी कांडी मुळात पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते, पण तिला चव यावी म्हणून खेकड्याचा अर्क घालतात. कोळंबी न सोसणाऱ्याला खेकडाही बहुधा सोसत नाही. कॅलिफोर्निया रोलमध्ये हीच कांडी असते, तो नको. टॉम यम हे थाई सूप, लाल-हिरवी करी, नासी गोरेंग हा इंडोनेशियन फ्राईड राईस, हेही नको. त्याला चिकनचा बाओ (सारण भरलेला वाफवलेला पाव), साधा चिकन फ्राईड राईस वेगळ्या धुतलेल्या कढईत, काकडीचा रोल एवढं द्या. चिकनचे डिमसम, म्हणजे मोमोसारख्या वाफवलेल्या पुरचुंड्या, द्यायचे तर सारणात कोळंबी मिसळलीय का ते विचारा, पुष्कळ ठिकाणी मिसळतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशात असू दे. घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला, उलट्या सुरू झाल्या, तर घरी जाऊन बघू म्हणत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, नाहीतर १०८ ला फोन लावा.

सूनबाईला कच्चा मासा, कच्चं अंडं आणि थंडच वाढलेला स्मोक्ड सॅमन, तिन्ही वर्ज्य. धुरावलेला म्हणजे शिजवलेला नव्हे, त्यात लिस्टेरिया जंतू राहू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. पॅड थाई या परतलेल्या नूडल्सवर घातलेले कच्चे मोडही बाजूला काढायचे किंवा परतून घ्यायला सांगायचं. शिजवलेल्या चिकनचा रोल, वाफाळता रस्सा, गरम नूडल्स, हे सगळं चालेल. रोल कापण्याच्या पाटाचं जे सासूबाईंसाठी सांगितलं ते तिच्यासाठीही. मोठ्या ट्यूनामध्ये पारा साठतो, म्हणून शिजवलेला असला तरी या दिवसांत तो नको. तिला वास सोसवत नसेल तर खिडकीकडची, कढईपासून लांबची जागा आधीच सांगून ठेवा.

मिस्टरांचा शत्रू छोट्या बशीत असतो. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, १५ मिलिलिटरमध्ये, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. निम्मा कोटा एका चमच्यात संपला. बशी भरून ओतायची आणि भात त्यात बुचकळायचा ही आपली सवय, आमटीत भात बुडवावा तशी. तसं केलं की भात सॉस शोषतो, तुकडाही सुटतो. बशीत लहान चमचाभरच ओता. निगिरी आडवी करून माशाची बाजू टेकवायची, भाताची नाही. रोलचा एक कोपरा टेकवला की पुरे. रामेनचा, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचा, वाडगा घेतला तर नूडल्स आणि भाज्या खायच्या, रस्सा ठेवून द्यायचा. बरंचसं मीठ त्यातच असतं.

शुगरचा हिशोबही करा. सुमारे ३०० ग्रॅम तांदळाला ६० मिलिलिटर व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ, असं प्रमाण सर्रास धरतात. आठ तुकड्यांच्या मोठ्या रोलमध्ये एक वाटी भात जातो आणि त्यात लहान चमचाभर साखर येते. म्हणून मिस्टरांनी रोलचे तीन-चार तुकडे खायचे, आणि मग फ्राईड राईस किंवा नूडल्स न घेता टोफू, चिकन, परतलेल्या भाज्या. तेरियाकी गोड असतो, तोही जपून.

मामंजींना बारीक होसोमाकीच द्या. सुशीचा तुकडा एका घासात खायचा असतो, दातांनी अर्धा तोडायला गेलं की नोरी चिवट ताणली जाते, भात मांडीवर सांडतो, आणि कवळी असलेल्या माणसाला ते नकोसं होतं. मोठ्या रोलचे आणखी लहान तुकडे करून द्यायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. मोची हा गोड पदार्थ मात्र त्यांच्यासाठी नको. तांदळाच्या पिठाचा तो गोळा मऊ दिसतो पण चिकट असतो, घशात अडकतो. जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या घशात मोची अडकून दरवर्षी दुर्घटना होतात. वाफवलेले डिमसम त्यांना आवडतील, फक्त टोपलीतून काढून दोन मिनिटं थांबा, आतलं सारण बाहेरच्या पारीपेक्षा कितीतरी जास्त गरम असतं.

हसं व्हायची जी भीती तुम्हाला वाटते, तिचं मूळ काड्यांत असेल तर ऐका. सुशी हातानं खाणं जपानमध्येही रीतीला धरूनच आहे. अंगठा आणि दोन बोटांत तुकडा धरायचा आणि तोंडात टाकायचा, आपल्याला कुणी शिकवायला नको. काड्या वापरून बघायच्याच असतील तर खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवा, ती हलत नाही. वरची पेनासारखी धरून तीच हलवा. दोन्ही एकदम हलवायला गेलं की टोकं एकमेकांवरून निसटतात, सगळ्यांचं तिथंच फसतं. पुतण्यासाठी मागच्या टोकाला रबर बांधून मागा, चिमट्यासारख्या चालतात. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचून मात्र ठेवू नका. तिकडे मेलेल्या माणसापुढच्या भातात तशा खोचतात. आपल्याकडे पिंडाचं जे, तेच ते. एका काडीवरून दुसऱ्या काडीवर घास देऊ नये, हेही त्यांच्या अस्थी उचलण्याच्या विधीशी जोडलेलं आहे.

प्लेटीच्या कडेला हिरवा गोळा असेल तो वसाबी. चटणी समजून चमचाभर तोंडात घालू नका. मिरचीचा तिखटपणा जिभेवर बसतो, हा थेट नाकातून डोक्यात जातो आणि अर्ध्या मिनिटात उतरतो. मोहरीच्या दाण्याएवढा पुरे. खऱ्या वसाबीचं मूळ महाग असतं आणि किसल्यावर पंधरा मिनिटांत त्याचा झणका उतरू लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ आणि मोहरी यांत हिरवा रंग घालून करतात. त्यात फसवणूक झाल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही. पातळ कापलेलं आलं दोन वेगळ्या रोलच्या मध्ये जीभ साफ करायला असतं. कोवळं आलं व्हिनेगरमध्ये आपोआप फिकट गुलाबी होतं, भडक गुलाबी असेल तर रंग घातलाय. कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी झाली, ती चायनीज पानावर ऑर्डर देतानाही लक्षात असू दे. लालभडक गोबी समोर आली तर परत पाठवायचा तुम्हाला हक्क आहे.

सातजणांसाठी एकदम सगळं सांगू नका. पहिल्या फेरीत एक एदामामे, एक काकडीची होसोमाकी, एक ॲव्होकाडोचा आणि एक चिकनचा रोल. बावीस तुकडे होतात, माणशी तीन. ते संपत आले की दुसरी फेरी : एक टोफूची भाजी, एक चिकन, एक फ्राईड राईस, एक नूडल्स. चार पदार्थांत सातजण व्यवस्थित जेवतात, कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं. सुशी टेबलावर आली की फोटो पटकन काढा आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवा, कारण भाताची ओल नोरीत उतरते आणि कुरकुरीत नोरी रबरासारखी होते. रोल वळणारा बहुधा एकच माणूस असतो. शनिवारी रात्री साडेआठला गेलात तर पाऊण तास थांबावं लागेल, आणि घाईत तो पाट पुसायला विसरेल. संध्याकाळी सातला टेबल धरा, किंवा आडवारी जा.

बिलाकडे मुलाला लक्ष द्यायला सांगा. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो. ३००० रुपयांचं खाणं झालं तर ३१५० रुपये. खाली १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ३०० रुपये आणि त्यावरही कर, एकूण ३४६५. हा चार्ज सक्तीचा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप धरता येत नाही. सेवा आवडली असेल तर द्या, नको असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

उरलेलं बांधून घेताना कच्च्या माशाचं काहीही घेऊ नका, टिळकवाडी ते शहापूर जवळ असलं तरी. ते टेबलावरच संपवा किंवा सोडून द्या. भाज्यांचे रोल घेतले तर घरी पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत खा. भात कडक झालेला असेल. तेव्हा आतल्या काकडीची काडी काढून टाका, तुकडे घट्टसर बेसनाच्या पिठात बुडवा, तव्यावर थोडं तेल सोडून दोन्ही बाजूंनी तांबूस परता. आतला भात पुन्हा मऊ होतो, आणि सासूबाईंना ते आदल्या रात्रीपेक्षाही जास्त आवडण्याची शक्यता आहे.